ठिपकीचा गूळ आणि कपाटातली माती

या, बसा. पुढे सरका. आणि तू रे, नाकातलं बोट काढ. गोष्ट मुंगीची आहे. मुंगी बारीक, म्हणून कान बारीक करून ऐकायची.

मुंगीचं नाव ठिपकी. रंगाने काळी. तिळाएवढी. ती राहायची बालवाडीत. फळ्याखालच्या भिंतीत एक फट होती, त्या फटीत तिचं घर. घरात सात बाळं. सातही पांढरी, सातही गोल. आणि त्या दिवशी सातही उपाशी.

उपाशी का? तर बालवाडी तपासायला मोठ्या बाई येणार होत्या. म्हणून हौसामावशीने फरशी पुसली. हौसामावशी म्हणजे बालवाडीत झाडणारी, पुसणारी, मुलांचा खाऊ करणारी. तिने एकदा पुसली, दोनदा पुसली. फिनाईल ओतून पुसली. पडलेला पोहा गेला. सांडलेलं शीत गेलं. कणही उरला नाही. बाकीच्या मुंग्या तोंड फिरवून घरात बसल्या.

ठिपकी मात्र बाहेर पडली. पहिल्यांदाच पडली, आणि एकटी पडली. तुरुतुरु, तुरुतुरु.

आणि तिला सापडला गुळाचा खडा. मावशीने गूळ फोडला होता, तेव्हा उडालेला. ठिपकीच्या डोक्याएवढा होता. ठिपकीने तो तोंडात धरला. ओढला. जड होता. पुन्हा ओढला. सात बाळांना पुरेल एवढा गूळ, जड असणारच.

ते सायूने पाहिलं. सायू चार वर्षांची. तिची एक वेणी घट्ट, एक सुटलेली. ती फरशीवर पालथी पडली. गाल फरशीला लावला. सुताराने दिलेले लाकडाचे ठोकळे तिच्याजवळ होते. दोन उभे ठेवले, एक वर आडवा. झालं दार.

"ये गं," सायू म्हणाली. "माझ्या दारातून ये."

ठिपकी दारात आली. गूळ दारात आला. आणि शिकवणाऱ्या प्रमिलाताईंनी टाळी वाजवली. टाप.

"खेळ पुरे. वह्या काढा."

सायू दचकली. हात लागला. आडवा ठोकळा पडला. धप. ठिपकी उडी मारून वाचली. गूळ गेला ठोकळ्याखाली.

सायू वहीपाशी पळाली. ठिपकी ठोकळ्यापाशी राहिली. तिने डोकं लावलं. पाय लावले. ढकललं. मुंगीने ढकलून ठोकळा हलतो होय? नाही हलला.

मग ठिपकी म्हणाली, "ठोकळ्या, ठोकळ्या, बाजूला हो. माझा गूळ सोड."

ठोकळा म्हणाला, "छे. आधी सायूला उठू दे, मग मी हलेन."

बघा. पडला हा, आणि उठायचं सायूने. असतात असे.

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली सायूपाशी. सायूच्या पायावर चढली, गुडघ्यावर बसली आणि म्हणाली,

"ठोकळा हलेना, गूळ सुटेना.
घरी बाळं सात, काय घालू तोंडात?
सायू, सायू, तू ऊठ."

सायूला उठायचं होतं. खूप उठायचं होतं. तिने ताईंकडे पाहिलं. ताई फळ्यावर रेघा काढत होत्या. सायू हळूच म्हणाली, "छे. आधी पान भरू दे, मग मी उठेन."

"नक्की?"

"नक्की."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली पानापाशी. पान पांढरं. पानावर भरायच्या होत्या उभ्या रेघा. वरपासून खालपर्यंत. ठिपकी म्हणाली,

"सायू उठेना,
ठोकळा हलेना, गूळ सुटेना.
घरी बाळं सात, काय घालू तोंडात?
पाना, पाना, तू भर."

पानावर एकच रेघ होती. तीही वाकडी, पान सोडून बाहेर गेलेली. पान फुरंगटून म्हणालं, "छे. आधी पेन्सिल चालू दे, मग मी भरेन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली पेन्सिलीपाशी. पेन्सिल सारखी पडत होती. टुक. सायू उचलायची. पुन्हा पडायची. टुक. ठिपकी म्हणाली,

"पान भरेना,
सायू उठेना,
ठोकळा हलेना, गूळ सुटेना.
घरी बाळं सात, काय घालू तोंडात?
पेन्सिली, पेन्सिली, तू चाल."

पेन्सिल म्हणाली, "छे. आधी बोटं वळू देत, मग मी चालेन."

ठिपकी निघाली. लांब नव्हतंच. एक उडी, आणि आली बोटांवर. सायूची बोटं पाच. मऊ मऊ, आणि दमलेली. ठिपकी म्हणाली,

"पेन्सिल चालेना,
पान भरेना,
सायू उठेना,
ठोकळा हलेना, गूळ सुटेना.
घरी बाळं सात, काय घालू तोंडात?
बोटांनो, बोटांनो, तुम्ही वळा."

बोटं म्हणाली, "कशी वळणार? आम्ही कधी गोळा मळला नाही. कधी वळी वळली नाही. कधी चिमटा काढून मातीची चिमणी केली नाही. आम्हाला जोर कुठून येणार? छे. आधी माती मिळू दे, मग आम्ही वळू."

खरं बोलली हो बोटं. मोठी माणसं एवढं खरं बोलत नाहीत.

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. माती होती कपाटात. कपाटाला कुलूप. पण मुंगीला कुलूप कसलं? ठिपकी दाराच्या फटीतून आत शिरली. आत अंधार. आत खेळणी. सगळी नवी. भिंगाला कागद तसाच. बाहुलीला पिशवी तशीच. बाहुलीच्या नाकाला पिशवी चिकटली होती. आणि एका डब्यात माती. तांबडी, पिवळी, हिरवी, निळी. ठिपकी म्हणाली,

"बोटं वळेनात,
पेन्सिल चालेना,
पान भरेना,
सायू उठेना,
ठोकळा हलेना, गूळ सुटेना.
घरी बाळं सात, काय घालू तोंडात?
माती, माती, तू मिळ."

माती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मला काढतात गं. तपासायला बाई आल्या की काढतात. टेबलावर मांडतात. बाई गेल्या की पुसून परत आत. हात कुणी लावत नाही. अंग आखडलंय माझं. पण काय करू? छे. आधी कपाट उघडू दे, मग मी मिळेन."

ठिपकी बाहेर आली. वर पाहिलं. कपाट लोखंडी. उंच. ठिपकी म्हणाली,

"माती मिळेना,
बोटं वळेनात,
पेन्सिल चालेना,
पान भरेना,
सायू उठेना,
ठोकळा हलेना, गूळ सुटेना.
घरी बाळं सात, काय घालू तोंडात?
कपाटा, कपाटा, तू उघड."

कपाट म्हणालं, "छे. आधी किल्ली फिरू दे, मग मी उघडेन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. किल्ली कुठे? ताईंच्या गळ्यात, ओळखपत्राच्या दोरीला. ठिपकी साडीच्या काठावर चढली. एक निरी, दुसरी निरी, तिसरी निरी. मग पदर. मग दोरी. दमली बिचारी. किल्लीला लटकून म्हणाली,

"कपाट उघडेना,
माती मिळेना,
बोटं वळेनात,
पेन्सिल चालेना,
पान भरेना,
सायू उठेना,
ठोकळा हलेना, गूळ सुटेना.
घरी बाळं सात, काय घालू तोंडात?
किल्ली, किल्ली, तू फिर."

किल्ली म्हणाली, "छे. आधी ताई हो म्हणू देत, मग मी फिरेन."

आता ताईंचा कान काही लांब नव्हता. ठिपकी खांद्यावर गेली. कानाशी गेली. आणि सगळं पहिल्यापासून म्हणाली,

"किल्ली फिरेना,
कपाट उघडेना,
माती मिळेना,
बोटं वळेनात,
पेन्सिल चालेना,
पान भरेना,
सायू उठेना,
ठोकळा हलेना, गूळ सुटेना.
घरी बाळं सात, काय घालू तोंडात?
ताई, ताई, तुम्ही हो म्हणा."

प्रमिलाताई वाईट नव्हत्या. हे आधीच सांगून ठेवते. त्या घाबरलेल्या होत्या. गेल्या खेपेला बाई म्हणाल्या होत्या, "तुमची मुलं नुसती खेळतात. वह्या कोऱ्या." ते ताईंच्या मनाला फार लागलं होतं.

ताई म्हणाल्या, "छे. आधी सायूचं पान भरू दे, मग मी हो म्हणेन."

ऐकलंत?

ठिपकीनेही ऐकलं. तिने मनात जुळवून पाहिलं. ताईंना पाहिजे पान. पानाला पेन्सिल. पेन्सिलीला बोटं. बोटांना माती. मातीला कपाट. कपाटाला किल्ली. किल्लीला ताई. आणि ताईंना? पुन्हा पान. गोल गोल गोल. या गोलातून बाहेर जायला फटच नव्हती.

मला तर इथे इतका राग येतो, की गोष्ट मिटून ठेवावी. पण बाळं उपाशी आहेत, मिटून कसं चालेल?

ठिपकी खाली उतरली. पदर, तिसरी निरी, दुसरी निरी, एक निरी. आता तुरुतुरु नाही. आता हळू. एक पाय. मग दुसरा पाय. तिला रडू येत होतं. पण रडूपेक्षा राग जास्त येत होता.

मागच्या खोलीतून आवाज आला. थप. थप. थप. हौसामावशी कणीक मळत होती. मोठ्या बाईंसाठी आज पुऱ्या होत्या. मुलांनाही मिळणार होत्या, बाईंनंतर. ठिपकी मावशीच्या पायापाशी गेली. मान वर केली. आवाज उरला नव्हता, तरी म्हणाली,

"ताई हो म्हणेनात,
किल्ली फिरेना,
कपाट उघडेना,
माती मिळेना,
बोटं वळेनात,
पेन्सिल चालेना,
पान भरेना,
सायू उठेना,
ठोकळा हलेना, गूळ सुटेना.
घरी बाळं सात, काय घालू तोंडात?
मावशी, मावशी, तू तरी काहीतरी कर."

मावशी म्हणाली, "मला कोण विचारतं बाई? मी फरशी पुसणारी. छे. आधी ताई सांगू देत, मग मी..."

ठिपकी चावली.

करंगळीला चावली. पायाच्या. कडकडून चावली.

मावशीने पाय झटकला. वाकून पाहिलं. "चावलीस?"

"चावले," ठिपकी म्हणाली. "सगळे म्हणतात आधी हा, आधी ती. बाळांच्या पोटाला 'आधी' आणि 'मग' कळत नाही. अजून एकदा 'छे' म्हणालीस, तर अजून चावेन."

मावशीला हसू यायला हवं होतं. नाही आलं. ती म्हणाली, "चाव बाई. मलाही कधीपासून कुणालातरी चावायचंय."

मग मावशीने परातीकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मग पुन्हा परातीकडे पाहिलं.

"कणकेला किल्ली लागत नाही," मावशी म्हणाली.

तिने एक गोळा तोडला. चांगला लिंबाएवढा. पदराखाली लपवला. हातात केरसुणी घेतली आणि केर काढत काढत गेली सायूपाशी. गोळा सायूच्या हातात दाबला.

"गप मळ. बोलू नको."

सायूने मळला. थप थप थप. चपटा केला. थप थप थप. गोल केला. लांब वळी केली. वळीचे तुकडे केले. मग सायूने ठिपकीकडे पाहिलं. नीट पाहिलं. आणि कणकेची मुंगी केली. डोकं केलं, पोट केलं. मग पाय. एक, दोन, तीन, चार.

"चार नाहीत," ठिपकी म्हणाली. "नीट मोज."

सायूने ठिपकीचे पाय मोजले. सहा होते. आणखी दोन पाय केले. बारीक बारीक, चिमटीत धरून.

शेजारच्या मुलाने हात पुढे केला. "मला." त्याच्या शेजारचीने हात पुढे केला. "मला." मावशी परत गेली, परत आली. परत गेली, परत आली. परातीतली कणीक कमी झाली. ताई फळ्याकडे तोंड करून रेघाच काढत होत्या. त्यांच्या पाठीमागे सगळा वर्ग मळत होता. थप थप थप. थप थप थप. किती वेळ? फळा दोनदा रेघांनी भरेपर्यंत.

आणि मग?

बोटं वळली. पेन्सिल धरली, घट्ट धरली.
पेन्सिल चालली. सर्र. सर्र. सर्र.
पान भरलं. उभ्या रेघा, वरपासून खालपर्यंत.
ताई वळल्या. पान पाहिलं. हो म्हणाल्या.
किल्ली फिरली. खट्.
कपाट उघडलं. कर्रर्र.
माती मिळाली.

मुलांनी बसल्या जागेवरून माना उंच केल्या. ताईंनी डबा उघडला. तांबडी माती काढली. दाबली. दबली नाही. पुन्हा दाबली, दोन्ही अंगठ्यांनी. नाही दबली. पिवळी तशीच. हिरवी तशीच. निळी हातातून निसटली. ठक. फरशीवर गेली घरंगळत. ठक, ठक, ठक.

मातीचा दगड झाला होता. चारही रंगांचा.

ताई खाली बसल्या.

"नवी होती गं," ताई म्हणाल्या. "किती जपली होती मी."



तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. टिंग. ताईंनी वाचलं. मोठ्या बाई आज येणार नव्हत्या. पुढच्या महिन्यात येणार होत्या. ताईंनी फोन ठेवला. दगड डब्यात भरले. डबा कपाटात ठेवला. कपाटाला कुलूप लावलं. हो, लावलं. सवय असते माणसाला.

मग त्यांनी सायूची वही उचलली. जरा बरं वाटलं त्यांना.

"बघितलंत मावशी? एवढा वेळ एका जागी बसवलं, म्हणून आलं. बसवलं की येतं."

हौसामावशी दारात उभी होती. तिच्या नखांत कणीक होती. ती परात घासायला आत गेली.

"शाबास सायू," ताई म्हणाल्या. "आता दुसरं पान."

आता सांगा. पान भरलं होतं की नाही? पान भरलं की उठायचं ठरलं होतं की नाही? मग हे दुसरं पान आलं कुठून?

ठिपकी ठोकळ्यावर उभी होती. सहा पायांवर ताठ. सायूकडे बघत होती. काही म्हणत नव्हती. म्हणायचं ते सगळं म्हणून झालं होतं.

सायूने पानाकडे पाहिलं. कोरं होतं. ताईंकडे पाहिलं. मग तिने पेन्सिल खाली ठेवली.

"ताई, आधी मी उठते. मग पान."

"सायू, बस."

सायू उठली.

"सायू, बस म्हटलं ना."

सायूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण ती बसली नाही. चालत गेली ठोकळ्यापाशी. वाकली. ठोकळा उचलला.

ठोकळा हलला. गूळ सुटला.

खडा कुठे होता आता? खड्याची झाली होती भुकटी. ठोकळ्याचं सगळं वजन त्याच्यावर, आणि एवढा वेळ. थोडी भुकटी फरशीला चिकटली होती. थोडी ठोकळ्याला.

सायू म्हणाली, "चुकलं माझं. माझ्या हाताने पडला."

तेवढं एकटी सायू म्हणाली. ठोकळा नाही म्हणाला. पान नाही, पेन्सिल नाही, कपाट नाही, किल्ली नाही. ताईही नाही म्हणाल्या. ताई सायूमागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी पुन्हा 'बस' म्हटलं नाही, एवढंच.

ठिपकीने एक कण उचलला. तुरुतुरु, तुरुतुरु. फटीत गेली. एका बाळाला दिला. परत आली. दुसरा कण. तुरुतुरु, तुरुतुरु. दुसऱ्या बाळाला. एका खेपेचं काम, त्याच्या झाल्या सात खेपा. पाय दुखले. जीव शिणला. सातवं बाळ सगळ्यात शेवटी जेवलं, आणि जेवता जेवताच झोपलं.

सायू तिथेच पालथी पडून सात खेपा मोजत होती. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. वहीत एकही लिहिली नाही.

गूळ गेला फटीत, गोष्ट आली मुठीत.

काय म्हणतोस? शेवटी ठिपकी थँक्यू म्हणाली का?

नाही म्हणाली. कशाला म्हणेल? गूळ तिचाच होता.